भारत आणि जर्मनी : उच्च शिक्षणावरच्या सरकारी खर्चाची तुलना नीट कशी करायची

मी नागपुरात अर्थशास्त्र शिकवते. हिवाळी अधिवेशन जवळ आलं की आमच्याकडे मोर्चांची पत्रकं तयार होऊ लागतात. एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने असंच एक पत्रक तपासायला आणून दिलं. उच्च शिक्षणावर सरकार जीडीपीचा, म्हणजे देशाच्या वर्षाच्या एकूण उत्पन्नाचा, किती भाग खर्च करतं ते वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘जर्मनी १.४ टक्के, भारत ०.१४ टक्के. दहापट फरक!’

मी विचारलं, "०.१४ कुठून आणलंस?"

"मॅडम, केंद्राच्या बजेटमधूनच काढलं. उच्च शिक्षण विभागाला २०२५-२६ साठी सुमारे ५०,०७८ कोटी दिलेत. त्याच बजेटात जीडीपी ३५७ लाख कोटी धरलाय. भागाकार केला."

भागाकार बरोबर होता. मग मी तिला विचारलं, "आपल्या कॉलेजातल्या प्राध्यापकांचे पगार या ५०,०७८ कोटींत आहेत का?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आपलं कॉलेजच यात धरलं नाही?"

नाही धरलं. अनुदानित महाविद्यालयाचे पगार राज्याच्या तिजोरीतून होतात आणि त्या आकड्यात राज्य कुठेच नव्हतं. जर्मनीच्या बाजूला मात्र तिथली केंद्र आणि राज्य अशी दोन्ही सरकारं एकत्र धरलेली होती. असं पत्रक विधानभवनात कुणाच्या हाती पडलं, तर पहिल्याच मिनिटाला खोडून काढतात आणि त्याच्याबरोबर खरी मागणीही मोडीत निघते. मला राग येतो तो याचा. आपली बाजू खरी असताना कच्च्या आकड्यापायी ती हरू नये, म्हणून हे लिहिते आहे. उदाहरण जर्मनीचं घेतलं आहे, कारण विदर्भातले अनेक विद्यार्थी आज तिकडे बघतात. रीत मात्र कुठल्याही दोन देशांना लागू होते.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

‘कोण जास्त खर्च करतं?’ हा प्रश्न फार सैल आहे. त्यातून तीन वेगळे प्रश्न निघतात. देशाच्या उत्पन्नातला किती भाग सरकार उच्च शिक्षणाला देतं? सरकारच्या एकूण खर्चात उच्च शिक्षणाचा वाटा किती? आणि एका विद्यार्थ्यामागे किती पैसे पडतात? पहिल्यासाठी जीडीपी लागतो, दुसऱ्यासाठी सर्व सरकारांचा एकूण खर्च, तिसऱ्यासाठी विद्यार्थीसंख्या.

उत्तरं एकाच दिशेला जातील असं धरून चालू नका. उच्च शिक्षणात जाणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी असलेला देश जीडीपीचा छोटा भाग देऊनही प्रतिविद्यार्थी बरा दिसू शकतो, कारण वाटेकरीच कमी असतात. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आपला प्रश्न लिहा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. निम्म्या वाटेवर प्रश्न बदलला की आकडे हवे तसे वळवण्याचा मोह होतो.

कोणाचा खर्च धरायचा? नागपुरात एक चक्कर मारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ज्या शहरात राहता तिथल्याच संस्था घ्या आणि प्रत्येकीपुढे पैसे देणाऱ्या खात्याचं नाव लिहा. आमच्या नागपूरची यादी अशी होते.

अमरावती रोडवरचं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ १९२३चं. त्याला आणि त्याच्या अनुदानित महाविद्यालयांना राज्याचा उच्च व तंत्र शिक्षण विभाग पैसे देतो. अभियांत्रिकीचं व्हीएनआयटी आणि व्यवस्थापनाचं आयआयएम केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाकडे. मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. मिहानमधलं एम्स केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे. पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ पशुसंवर्धन खात्याकडे, तर कृषी महाविद्यालय अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठामार्फत कृषी खात्याकडे. एका शहराचं उच्च शिक्षण मुंबई-दिल्लीतल्या निदान सहा खात्यांत विखुरलेलं आहे आणि पत्रकात त्यातलं फक्त एक खातं आलं होतं.

आता नीरी. १९५८ सालची, वर्धा रोडवरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. तिथे पीएच.डी. करणारी मुलं आहेत, पण पैसा सीएसआयआरचा, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा, आणि मुख्य काम संशोधनाचं. ती धरायची का? जर्मनीत याला जोड आहे ती माक्स प्लांक आणि फ्राउनहोफर या संस्थांची. तिथेही पीएच.डी.चे विद्यार्थी काम करतात, पण त्या विद्यापीठं नाहीत आणि विद्यापीठांच्या खर्चात त्या धरत नाहीत. मग नीरीही बाहेर. याच कसोटीने प्रत्येक संस्था तपासा. एका देशात जे बाहेर ठेवलं, त्याच्यासारखं दुसऱ्या देशातलंही बाहेर ठेवायचं.

खरा घोळ वैद्यकीय शिक्षणात होतो. मेडिकलमध्ये विदर्भाबरोबर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचेही रुग्ण येतात. तिथला प्राध्यापक सकाळी वॉर्डात राउंड घेतो, दुपारी लेक्चर घेतो. त्याच्या पगारातला किती भाग शिक्षणाचा आणि किती रुग्णसेवेचा? जर्मन विद्यापीठांची रुग्णालयंही प्रचंड आहेत. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाच्या ‘विद्यापीठांचा एकूण खर्च’ या आकड्यात ती धरलेली असतात आणि त्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यातला बराच पैसा आरोग्यविम्यातून येतो, शिक्षणाच्या तरतुदीतून नाही. हा आकडा तसाच उचलला, तर जर्मनीचं शिक्षण आहे त्याहून कितीतरी श्रीमंत दिसतं. नवख्या माणसाला माझा सल्ला एवढाच की दोन्हीकडचं वैद्यकीय शिक्षण पूर्ण वगळा आणि मथळ्यातच ‘वैद्यकीय वगळून’ असं लिहा. आकडा लहान होईल, पण तो कुणाला खोडता येणार नाही.

बारावीची रेषा

महाराष्ट्रात ज्युनिअर कॉलेज आणि सीनिअर कॉलेज एकाच इमारतीत भरतात. फाटकावर नाव एक, प्राचार्यही बहुतेक वेळा एकच. तरी अकरावी-बारावी हे शालेय शिक्षण आहे आणि त्याचं अनुदान शालेय शिक्षण विभागाकडून येतं. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पातळी ५ ते ८ म्हणजे उच्च शिक्षण. अकरावी-बारावी पातळी ३ मध्ये येते.

जर्मनीत ही रेषा वेगळ्या ठिकाणी फसवते. तिथे मुलं आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस व्यवसाय-शाळेत शिकतात. या दुहेरी प्रशिक्षणाचं आपल्याकडे फार कौतुक होतं, पण तेही बहुतांशी माध्यमिक पातळीतच मोजतात. उलट त्याच्यापुढची ‘माइस्टर’ (उस्ताद कारागीर) ही पात्रता उच्च शिक्षणात धरतात. आपल्याकडे आयटीआय बाहेर राहतं, पण तंत्रनिकेतनाची पदविका केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात येते. म्हणून दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, असं दोन्ही देशांचं एकेक चित्र काढा आणि रेष कुठे ओढली ते त्यावर दाखवा.

अर्थसंकल्पाची पुस्तकं कशी वाचायची

राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तकं पाहून मुलं घाबरतात. आधी लेखाशीर्षांचे, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक प्रकाराला दिलेल्या शीर्षकांचे, क्रमांक पाठ करा, निम्मं काम तिथेच होतं. हे मुख्य क्रमांक केंद्रात आणि सर्व राज्यांत सारखे असतात. २२०२ म्हणजे सामान्य शिक्षण आणि त्यातलं उपशीर्ष ०३ म्हणजे विद्यापीठ व उच्च शिक्षण. त्याच्या पोटात १०२ विद्यापीठांना सहाय्य, १०३ शासकीय महाविद्यालयं, १०४ अशासकीय महाविद्यालयांना सहाय्य. अनुदानित प्राध्यापकांचा पगार सापडतो तो इथे, १०४ मध्ये. २२०३ तंत्रशिक्षण. २२१० मधलं ०५ वैद्यकीय शिक्षण. २४१५ कृषी संशोधन व शिक्षण. इमारतींचा भांडवली खर्च ४२०२ मध्ये. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्त्या २२२५ मध्ये. निवृत्तिवेतन २०७१ मध्ये.

निवृत्तिवेतनाकडे सगळेच काणाडोळा करतात. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन आहे आणि ते शिक्षणाच्या शीर्षात दिसत नाही. जर्मन प्राध्यापक बहुधा सरकारी अधिकारी असतात. त्यांच्या भावी निवृत्तिवेतनाची अंदाजी रक्कम आंतरराष्ट्रीय तक्त्यांत खर्चात मिळवलेली असते. एकीकडे आहे, दुसरीकडे नाही. मिळवायचं तर दोन्हीकडे मिळवा, नाहीतर दोन्हीकडून काढा.

मग रकाने. २०२५-२६ च्या पुस्तकात २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५ चा सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज असतो. तुलनेला प्रत्यक्ष खर्चच घ्या, आकडा दोन वर्षं जुना असला तरी. तरतूद झाली म्हणजे पैसा खर्च झाला, असं नसतं. पदं रिकामी राहिली आणि तासिका तत्त्वावर काम भागवलं, तर पगाराची तरतूद तशीच पडून राहते. दुसऱ्या बाजूने पुरवणी मागण्यांतून पैसा वाढतोही. त्या आमच्या डोळ्यांदेखत इथल्याच विधानभवनात मंजूर होतात.

दोनदा मोजण्याचा धोका फार मोठा आहे. २०१३ मध्ये रूसा ही राज्यांतल्या विद्यापीठ-महाविद्यालयांना मदत देणारी केंद्राची योजना आली, पुढे ती पीएम-उषा झाली. आपल्यासारख्या राज्यात तिचा खर्च केंद्र-राज्य ६०:४० असा वाटला जातो. केंद्राचा ६० टक्के हिस्सा केंद्राच्या पुस्तकात दिसतो आणि राज्याकडे येऊन खर्च झाला की राज्याच्या पुस्तकातही दिसतो. सरळ बेरीज केली की तो दोनदा येतो. माझ्या पहिल्या शोधनिबंधात मी हीच चूक केली होती. परीक्षकांनी ती पेन्सिलीने गोल करून दाखवली, ते पान मी अजून जपून ठेवलं आहे. राज्यांना दिलेलं अनुदान केंद्राच्या आकड्यातून आधी वजा करायचं आणि मग बेरीज. जर्मनीतही केंद्र राज्यांना विद्यापीठांसाठी पैसे देतं, तेव्हा तिथेही हेच.

आणि एका शीर्षातला चढउतार बघून लगेच निष्कर्ष काढू नका. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, तरतूद २०२३-२४ च्या सुधारित अंदाजात सुमारे ६,४०९ कोटी होती, २०२४-२५ ला ती २,५०० कोटींवर आली. ‘यूजीसीच्या निधीत साठ टक्के कपात’ असे मथळे आले. पण त्याच पुस्तकात केंद्रीय विद्यापीठांचं शीर्ष सुमारे १२,००० कोटींवरून १५,९२८ कोटींवर गेलेलं दिसतं. इथली घट आणि तिथली वाढ जवळपास सारखी आहे. पैसा एका खान्यातून दुसऱ्यात गेला होता.

राज्यांचं काय?

शिक्षण मुळात राज्यसूचीत होतं. ४२व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत आलं. खर्चाचा मोठा भार मात्र अजून राज्यांवरच आहे. जर्मनीतही विद्यापीठं ही राज्यांची जबाबदारी आहे, त्यामुळे ही जोडी तुलनेला चांगली. दोन्हीकडे ‘केंद्र अधिक सगळी राज्यं’ असा हिशेब लागतो. भारताच्या सगळ्या राज्यांची पुस्तकं एकट्याने उघडणं अशक्य आहे. त्यासाठी शिक्षण मंत्रालयाचं ‘शिक्षणावरील अर्थसंकल्पित खर्चाचं विश्लेषण’ हे प्रकाशन घ्या आणि रिझर्व्ह बँकेच्या राज्य-वित्त अहवालाशी ताडून बघा.

ते घेताना एक गोष्ट लक्षात असू द्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, याच विश्लेषणाच्या आधारे, २०१७-१८ मध्ये केंद्र-राज्यांचा शिक्षणावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ४.४३ टक्के दिला आहे. त्याच वर्षासाठी आर्थिक पाहणीचा आकडा २.८ टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही सरकारीच. फरक व्याप्तीचा आहे, कारण पहिल्यात शिक्षण खात्यांखेरीज इतर खात्यांनी शिक्षण-प्रशिक्षणावर केलेला खर्चही मिळवलेला आहे. ‘सहा टक्क्यांचं’ लक्ष्य कोठारी आयोगापासून चालत आलं आहे. आपण त्याच्यापासून किती लांब आहोत हे यातला कुठला आकडा घेता यावर ठरतं, म्हणून आकड्याबरोबर त्याची व्याप्तीही लिहा.

मुलांच्या हाती जाणारा पैसा

संस्थेला दिलेलं अनुदान वेगळं आणि विद्यार्थ्याला दिलेली मदत वेगळी. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांची फी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती-पोर्टलवरून भरली जाते. शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे, सामाजिक न्याय विभागाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी आहे. हा सरकारी खर्चच आहे, तो धरलाच पाहिजे. मात्र मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून मिळते, म्हणून तेवढा भाग वेगळा काढा.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क साधारणपणे नाही. २००६ नंतर काही राज्यांनी सत्राला ५०० युरोपर्यंत शुल्क लावून पाहिलं, पण २०१४ पर्यंत सगळ्यांनी ते मागे घेतलं. बाडेन-व्युर्टेंबर्ग हे राज्य मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. तिकडे निघालेल्या मुलांनी हे आधीच पाहून ठेवावं. ‘बाफ्योग’ या सरकारी विद्यार्थी-मदतीत साधारण निम्मं अनुदान असतं आणि निम्मं बिनव्याजी कर्ज. त्यातलं कर्ज खर्चात धरू नका, कारण ते परत येतं. ते पूर्ण परत येत नसेल तर प्रश्न अवघड होतो. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये विद्यार्थी-कर्जाचे दोन भाग केले. परत येईल ते कर्ज आणि बुडेल असं दिसतं तो सरकारी खर्च. हिशेबाची रीत बदलताच सरकारची तूट मोठी दिसू लागली, पण त्याने विद्यार्थ्यांच्या हातात एक पौंडही जास्त पडला नाही.

कशाने भागायचं

वर्षं जुळवा. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, जर्मनीचं जानेवारी ते डिसेंबर. २०२१-२२ शेजारी २०२१ ठेवा आणि तसं लिहा. जीडीपी त्याच वर्षाचा, चालू किमतींचा (महागाई वजा न केलेला) आणि शक्यतो अंतिम सुधारित घ्या.

प्रतिविद्यार्थी खर्च काढताना रुपयांचे युरो करायची घाई नको. नागपुरात एका प्राध्यापकाचा पगार, एका खोलीचं बांधकाम, एक वीजबिल जेवढ्यात होतं, तेवढ्यात म्युनिकमध्ये होत नाही. त्यासाठी क्रयशक्तीचा दर वापरतात, म्हणजे त्याच वस्तू दोन्हीकडे केवढ्याला पडतात त्यावरून काढलेला चलनाचा दर. २०१७च्या आंतरराष्ट्रीय किंमत-तुलनेत एका डॉलरमागे भारताचा क्रयशक्तीचा दर २०.६५ रुपये निघाला, बाजारातला दर होता ६५.१२. विद्यार्थ्यामागे १ लाख रुपये खर्च असेल तर बाजारदराने ते १,५३६ डॉलर होतात, क्रयशक्तीने ४,८४३. तिपटीहून जास्त फरक आहे. प्रयोगशाळेतलं परदेशी उपकरण मात्र बाजारदरानेच घ्यावं लागतं, तिथे क्रयशक्ती कामाला येत नाही. संशोधनावर लिहीत असाल तर दोन्ही दर दाखवा.

विद्यार्थी मोजतानाही सावध राहा. भारतात २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षणात ४.३३ कोटी विद्यार्थी होते. जर्मनीत सुमारे २९ लाख. पण आपल्याकडची तीन-चतुर्थांशाहून अधिक महाविद्यालयं खासगी व्यवस्थापनाची आहेत आणि त्यातली बरीच विनाअनुदानित. महाराष्ट्रात २००१ नंतरच्या महाविद्यालयांना ‘कायम विनाअनुदानित’ हाच शिक्का बसला. तिथल्या मुलामागे सरकार शिष्यवृत्तीपलीकडे जवळजवळ काही देत नाही. सरकारी खर्चाला सगळ्या ४.३३ कोटींनी भागलं, तर सरकारने देशातल्या सरासरी मुलामागे काय दिलं ते कळतं. फक्त सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या मुलांनी भागलं, तर सरकारी जागेवर बसलेल्या मुलाला काय मिळतं ते कळतं. मला पहिला आकडा जास्त बोलका वाटतो. काटोल-उमरेडकडून एसटीने रोज येणारी आणि विनाअनुदानित कॉलेजात पूर्ण फी भरणारी मुलगी दुसऱ्या हिशेबातून गायबच होते.

दूरशिक्षणही बघा. २०२०-२१ मध्ये आपल्या ४.१४ कोटींपैकी ४५.७१ लाख विद्यार्थी दूरशिक्षणातले होते, म्हणजे दर नऊ जणांमागे एक. त्यांच्यावरचा खर्च वर्गातल्या मुलाच्या मानाने थोडाच. जमलं तर त्यांचा हिशेब वेगळा मांडा.

पत्रकावर काय लिहायचं

युनेस्को, जागतिक बँक आणि ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) यांचे तयार तक्ते आहेत. मी ते शेवटी उघडते. आपला आकडा आधी काढावा आणि मग ताडून बघावा. फरक निघाला, तर बहुतेक वेळा तो वर सांगितलेल्या एखाद्या खाचखळग्यातच सापडतो, वैद्यकीय, निवृत्तिवेतन, कर्ज किंवा राज्यांचा हिस्सा.

त्या विद्यार्थिनीने पत्रक परत लिहायला आठ दिवस घेतले. ‘दहापट’ हा शब्द खोडला. नव्या पहिल्या ओळीत वर्ष होतं, ‘केंद्र व सर्व राज्ये मिळून’ असं होतं, ‘वैद्यकीय व निवृत्तिवेतन वगळून’ असं होतं. मागच्या पानावर लेखाशीर्षांचे क्रमांक आणि वजा केलेल्या रकमा. फरक कमी झाला होता, पण उरला होता तो अजूनही मोठाच होता. तिने विचारलं, "मॅडम, कुणी आडवातिडवा प्रश्न विचारला तर?" मी म्हटलं, "पान उलटून त्याला २२०२-०३-१०४ दाखव."